न विचारता घातलेली पावडर : जर्सी सिटी, १९०८

पाणी उकळलं की जंतू मरतात, हे आपण शाळेत शिकलो. पण उकळता येतं ते घरापुरतं. अख्ख्या शहराचं पाणी कोण उकळणार? ह्या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, कोर्टातल्या भांडणातून पुढे आलं. आज आपण तेच बघू.

जर्सी सिटीला एक खासगी कंपनी बूनटनच्या जलाशयातून पाणी पुरवायची. ते करारात ठरल्याइतकं शुद्ध नाही, असा शहराचा दावा होता. वरच्या गावांचं सांडपाणी पावसाबरोबर जलाशयात उतरायचं. १९०८ साली कोर्टाने कंपनीला मुदत दिली : सांडपाण्याची सोय करा, नाहीतर दुसरा उपाय दाखवा.

कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी ब्लीचिंग पावडर निवडली. कल्पना अगदीच नवी नव्हती. इंग्लंडमधल्या लिंकन शहरात १९०५ च्या टायफॉइडच्या साथीत क्लोरीन वापरलं गेलं होतं. पण लोकांना रसायन घातलेलं पाणी म्हणजे विषच वाटायचं. तरीही अभियंता जॉर्ज फुलर यांनी यंत्रणा उभारली आणि २६ सप्टेंबर १९०८ पासून रोज सुमारे ४ कोटी गॅलन पाण्यात थोडं थोडं क्लोरीन पडू लागलं. शहराला कुणी विचारलं नव्हतं!

प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं. हे पाणी तुम्ही स्वतः प्याल का, घरच्यांना द्याल का, असं लील यांना विचारलं गेलं. ते हो म्हणाले. यादवी युद्धात जडलेल्या आमांशाने त्यांचे वडील अनेक वर्षं झिजून गेले होते, हे इथे लक्षात घ्यायला हवं. १९१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि मग एकामागून एक शहरांनी हीच वाट धरली.

आपल्या गावांत ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, ती ह्याच घराण्यातली. ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, हे कळतं. तरी ‘पाण्याला औषधाचा वास येतो’ म्हणून लोक दुसरीकडचं, न तपासलेलं पाणी भरतात. लील यांचा उपाय बरोबर ठरला, पण लोकांना आधी सांगायचं काम त्यांनी टाळलं होतं. ते काम आपल्याकडेही पुष्कळदा राहूनच जातं, आणि मग पावडर टाकूनही साथ येते.