मेंदूतील अर्बुदांच्या पेशींची ओळख : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मेंदूतील अर्बुद एकाच प्रकारच्या पेशींचे बनलेले नसते, ही जाणीव वैद्यकशास्त्राला टप्प्याटप्प्याने झाली. या इतिहासाचा मागोवा घेताना एक बाब प्रकर्षाने लक्षात येते. हाती असलेल्या साधनाने जेवढे दाखविले, तेवढेच पेशीप्रकार त्या त्या काळातील अभ्यासकांनी मानले.

रुडॉल्फ विर्खो यांनी १८५६ मध्ये चेतापेशींना सांधणाऱ्या ऊतीस ‘न्यूरोग्लिया’ असे नाव दिले. पुढे माद्रिद येथे काहाल यांच्या सुवर्णरंजन पद्धतीमुळे (१९१३) तारकापेशी स्पष्ट दिसू लागल्या. त्यानंतर देल रिओ-ओर्तेगा यांच्या रजतरंजन पद्धतीने मायक्रोग्लिया व ऑलिगोडेंड्रोग्लिया वेगळ्या ओळखता आल्या. या स्पॅनिश पद्धतींच्या आधारे बोस्टनमधील पर्सिव्हल बेली व शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२६ मध्ये ग्लिओमा गटातील अर्बुदांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. अर्बुदातील पेशी भ्रूणविकासाच्या कोणत्या अवस्थेशी मिळतीजुळती आहे, हा त्यांचा निकष होता. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण किती काळ जगला, याच्याशी त्यांनी प्रत्येक प्रकाराची सांगड घातली. या वर्गीकरणाचे खरे मोल, प्रस्तुत लेखकाच्या मते, येथेच आहे. मात्र ‘मेड्युलोब्लास्टोमा’ हे नाव ज्या गृहीत ‘मेड्युलोब्लास्ट’ पेशीवरून पडले, ती पेशी मेंदूत कधीच आढळली नाही. नाव मात्र आजही टिकून आहे!

पेशी केवळ रंगविण्याऐवजी जिवंतपणी वेगळ्या काढणे, हा पुढील टप्पा होय. टोरांटो येथील शीला सिंग, पीटर डर्क्स व सहकाऱ्यांनी मानवी अर्बुदांतून सीडी१३३ हे पृष्ठप्रथिन धारण करणाऱ्या पेशी विलग केल्या. अशा अवघ्या १०० पेशींपासून उंदरांच्या मेंदूत नवे अर्बुद वाढले. ते प्रथिन नसलेल्या एक लाख पेशींपासून वाढले नाही, असे त्यांनी २००४ मध्ये मांडले. अर्बुदाची ‘मूलपेशी’ गवसली, असे तेव्हा अनेकांस वाटले. परंतु सीडी१३३ नसलेल्या पेशीही अर्बुद निर्माण करू शकतात, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले.

२०१४ मध्ये पाच रुग्णांच्या ग्लिओब्लास्टोमातील ४३० पेशींचे एकेकटे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध झाले. एकाच गाठीत निरनिराळ्या उपप्रकारांच्या पेशी शेजारी-शेजारी नांदत होत्या. २०१९ च्या अभ्यासात अशा चार अवस्था निश्चित करण्यात आल्या, आणि पेशी एका अवस्थेतून दुसरीत जाऊ शकते, हेही सिद्ध झाले. म्हणजेच एखादे औषध एका अवस्थेतील सर्व पेशी नष्ट करू शकले, तरी उरलेल्या पेशींतून तीच अवस्था पुन्हा उद्भवू शकते.