शेतीस अनावश्यक झालेली घरे : टस्कनीतील शेतघर-पर्यटन आणि अर्धेली पद्धतीचा वारसा

प्रस्तावना

मध्य इटलीतील टस्कनी प्रदेशात सेंद्रिय शेतीवरील एखादे दगडी घर आठवड्यासाठी भाड्याने घ्यावे, जवळच्या गावातून भाजी, पाव, चीज आणावे आणि तेथील स्वयंपाकघरात स्वतः रांधून खावे, हा युरोपीय मध्यमवर्गाच्या सुट्टीचा आता चांगलाच रुळलेला प्रकार आहे. शनिवारी दुपारी किल्ली ताब्यात घ्यायची आणि पुढच्या शनिवारी सकाळी परत करायची, असा त्याचा सर्वसाधारण शिरस्ता. घरात भांडीकुंडी, शेगडी, अंथरूण-पांघरूण सारे असते. जेवण मात्र बहुधा मिळत नाही. जाहिरातीत अशा घराला 'व्हिला' म्हटले जाते.

या पर्यटनाचा विचार बहुतेक वेळा ग्रामीण अर्थकारणाच्या अंगाने होतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आधी वेगळाच प्रश्न पडतो. गावापासून दूर, शेताच्या मधोमध, दहा-पंधरा माणसे राहू शकतील एवढे हे घर रिकामे कसे झाले? ज्या चुलीपुढे पाहुणा हौसेने रांधतो ती चूल मुळात कोणाची? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

'व्हिला' आणि कुळाचे घर

प्रारंभीच एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. टस्कनीच्या इतिहासात 'व्हिला' म्हणजे जमीनमालकाचा वाडा. फ्लॉरेन्स किंवा सियेना येथे राहणारे धनिक कुटुंब उन्हाळ्यात किंवा सुगीच्या वेळी तेथे येऊन राहत असे. जमीन कसणाऱ्याच्या घराला 'काझा कोलोनिका', म्हणजे कुळाचे घर, असे म्हणत. आज पाहुण्यांना 'व्हिला' म्हणून दिली जाणारी बरीच घरे या दुसऱ्या वर्गातील आहेत. बाजाराने कुळाच्या घराला मालकाच्या घराचे नाव दिले आणि ज्या भेदावर सहा शतके हा समाज उभा होता तो भेद एका शब्दात पुसला गेला. हा बदल निरुपद्रवी आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

ही घरे ज्या पद्धतीतून उभी राहिली ती 'मेद्झाद्रिया'. आपल्याकडील अर्धेलीशी तिचे नाते वाचकाच्या सहज ध्यानात येईल. मालकाने जमीन आणि घर द्यायचे, कुळाने सर्व कुटुंबासह श्रम करायचे आणि उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे, असा तो करार. तेराव्या-चौदाव्या शतकांत शहरी भांडवल ग्रामीण जमिनीत शिरू लागले तसा त्याचा प्रसार झाला. फ्लॉरेन्स सरकारने १४२७ मध्ये करआकारणीसाठी घरोघरची जी नोंद केली, तिच्यात शहराभोवतीच्या अर्धेली कुळांचे चित्र स्पष्ट दिसते. जमिनीच्या अशा एका घटकाला 'पोदेरे' म्हणत. एक पोदेरे, एक घर, एक कुटुंब हे सूत्र होते. अनेक पोदेरे मिळून 'फात्तोरिया' ही मालमत्ता बने आणि तिचा कारभार मालकाचा कारभारी, 'फात्तोरे', पाही.

कुळाने शेतावरच राहावे हा या व्यवस्थेचा कणा होता. टस्कनीच्या टेकड्यांवर एकेकटी घरे विखुरलेली दिसतात ती याच कारणाने. पर्यटकाला मोहविणारा तो एकांत कराराच्या कलमांतून आला आहे. अठराव्या शतकात ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो (कारकीर्द १७६५ ते १७९०) याच्या काळात या घरांच्या सुधारणेकडे विशेष लक्ष दिले गेले. फेर्दिनांदो मोरोत्सी याने १७७० मध्ये शेतकऱ्यांच्या घरांवर एक स्वतंत्र वास्तुग्रंथच प्रसिद्ध केला. कियाना खोऱ्यातील चौकोनी, कमानदार आणि माथ्यावर कबुतरखाना असलेली घरे आजही या ड्यूकच्या नावावरून 'लेओपोल्दिना' म्हणून ओळखली जातात.

घराची रचना सामान्यतः अशी असे. खाली बैलांचा गोठा आणि कोठार, बाहेरून दगडी जिना, वर मोठे स्वयंपाकघर आणि त्याभोवती झोपण्याच्या खोल्या. अंगणात पाव भाजण्याची भट्टी आणि खळे. गोठ्याची ऊब हिवाळ्यात वर चढे. शेतीकामाचा प्रमुख पुरुष तो 'कापोच्चा', घर, चूल आणि कोंबड्या सांभाळणारी प्रमुख स्त्री ती 'मास्साया'. सणावारी मालकाच्या घरी ठरलेली अंडी आणि कोंबड्या पोचविणे हाही अनेक करारांचा भाग असे. कुटुंबातील माणसांची संख्या जमिनीच्या मानाने कमी-जास्त झाली तर मालक कूळ बदलू शके. घरातील लग्नासदेखील त्याची संमती लागे. घर कुटुंबाचे होते, पण राहण्याचा हक्क वर्षाच्या कराराएवढाच होता.

घरे रिकामी होतात

विसाव्या शतकात ही पद्धत मोडली ती दोन बाजूंनी. एक बाजू कायद्याची. फॅसिस्ट राजवटीने १९३३ मध्ये 'मेद्झाद्रियाची सनद' काढून तिला आदर्श सामाजिक सलोख्याचे रूप देण्याचा प्रयत्न केला होता. युद्धानंतर कुळांच्या संघटनांनी वाट्याचा प्रश्न जोराने लावून धरला. कुळाचा वाटा आधी ५३ टक्के आणि पुढे १९६४ च्या कायद्याने ५८ टक्के झाला. त्याच कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी घातली. उरलेले करार खंडात रूपांतरित करण्याची तरतूद १९८२ च्या कायद्याने केली.

दुसरी बाजू अधिक परिणामकारक ठरली. कायद्याची वाट न पाहता माणसेच निघून गेली. १९५० आणि १९६० च्या दशकांत प्रातो, फ्लॉरेन्स आणि लहान-मोठ्या औद्योगिक गावांत रोख वेतनाची कामे मिळू लागली. शेतावरच्या कित्येक घरांत तेव्हा वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. तरुण मुली शेतकऱ्याशी लग्न करण्यास नाखूष होत्या. कापोच्चाच्या हुकमाखाली राबण्यापेक्षा कापडगिरणीतला पगार तरुणांना अधिक मोलाचा वाटला आणि यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. सियेनाच्या दक्षिणेकडील ओसाड पडलेल्या काही जमिनी सार्डिनियातून आलेल्या मेंढपाळांनी घेतल्या. पिएन्झाच्या आजच्या नामांकित मेंढीच्या चीजमागे हे स्थलांतर आहे. घरांची छपरे मात्र कोसळू लागली होती.

येथे महाराष्ट्राशी तुलना करण्याचा मोह टाळता येत नाही, आणि तो टाळूही नये. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा. त्यातील नंतरच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले. अंमलबजावणीतील पळवाटा आपल्या परिचयाच्या आहेत. तरीही कसणारा आणि मालक एक व्हावेत ही दिशा स्पष्ट होती. इटलीत १९५० ची जमीन-सुधारणा मारेम्मासारख्या भागांपुरती राहिली. सियेना-फ्लॉरेन्सच्या टेकड्यांतील अर्धेलीला तिचा फारसा स्पर्श झाला नाही. १९६५ मध्ये कुळाला खरेदीचा अग्रहक्क आणि कर्जाची सोय मिळाली, पण मालकाने जमीन विकायला काढली तरच तो हक्क उपयोगाचा. म्हणजे आपल्याकडे करार संपला तेव्हा निदान तत्त्वतः कूळ जमिनीवर राहिले. तेथे करार संपला, कूळ गेले आणि घर मालकाकडे उरले. शेतघर-पर्यटनाची पुढील सारी वाटचाल या एका फरकावर अवलंबून आहे.

रिकाम्या घरांचा कायदा

बड्या जमीनमालकांच्या कोन्फाग्रिकोल्तुरा या महासंघाने १९६५ मध्ये 'आग्रितुरिस्त' ही संघटना स्थापन केली. अर्धेलीच्या नव्या करारांवर बंदी आल्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. हा योगायोग नव्हे. मालकांपुढे शेकडो रिकाम्या घरांचा प्रश्न उभा होता. छोट्या शेतकऱ्यांच्या कोल्दिरेत्ती या संघटनेने 'तेर्रानोस्त्रा' स्थापन केली ती १९७३ मध्ये.

५ डिसेंबर १९८५ रोजी संमत झालेल्या ७३० क्रमांकाच्या कायद्याने 'आग्रितुरिझ्मो' या व्यवसायाला राष्ट्रीय चौकट दिली. त्याच्या दोन अटी महत्त्वाच्या आहेत. पहिली, पाहुण्यांची सोय हा शेतीला पूरक व्यवसाय असावा. शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा. दुसरी, पाहुण्यांसाठी शेतकऱ्याच्या राहत्या घरातील जागा किंवा शेतावर आधीपासून असलेल्या आणि शेती चालविण्यास यापुढे आवश्यक नसलेल्या इमारती वापराव्यात. ही दुसरी अट वाचताना थांबावेसे वाटते. 'आवश्यक नसलेल्या' या शब्दप्रयोगात एका संपूर्ण समाजाचे जाणे सामावले आहे. घरे अनावश्यक झाली, कारण त्यांत राहणारी माणसे अनावश्यक झाली. बैलांची जागा ट्रॅक्टरने आणि बारा जणांच्या कुटुंबाची जागा दोन पगारी मजुरांनी घेतली. पुढे २००६ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्याने या चौकटीची फेररचना केली. मुख्य व्यवसाय कोणता हे ठरविण्यासाठी टस्कनीच्या प्रादेशिक नियमांत शेतीवर लागणारा श्रमाचा वेळ हा एक निकष मानला जातो. अर्धेलीच्या काळात त्या कुटुंबाचे तास कोणी मोजल्याचे दिसत नाही.

पाहुण्याने स्वतः रांधण्याची पद्धत टस्कनीत इतकी का रुजली, याचेही उत्तर येथेच सापडते. उत्तरेकडील दक्षिण टिरोलमध्ये शेतकरी कुटुंब स्वतःच्या मालकीच्या घरात राहते आणि पाहुण्याला त्याच घरातील किंवा त्याला लागून असलेली जागा देते. तेथील वारसाकायद्याने शेत अखंड आणि एका वारसाच्या हाती ठेवले. टस्कनीत मालक त्या घरात कधी राहतच नव्हता. प्रत्येक पोदेरेवर स्वयंपाकघरासह संपूर्ण, स्वतंत्र आणि रिकामे घर तयार होते. त्यात यजमान नव्हता. पाहुण्याला किल्ली देऊन मोकळे होणे हीच सोयीची व्यवस्था ठरली. महाराष्ट्रात याच्या उलट घडले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे वाढलेल्या आणि २०२० मध्ये राज्य शासनाचे स्वतंत्र धोरण लाभलेल्या कृषी पर्यटनात घरच्या बाईने केलेली भाकरी, पिठले, ठेचा हेच मुख्य आकर्षण आहे. आपण राहत्या घराचा पाहुणचार विकतो, टस्कनी रिकामे स्वयंपाकघर विकते. आपल्याकडील त्या भाकरीमागच्या श्रमाचा हिशेब हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सेंद्रिय शेती आणि पुन्हा घडविलेले 'जुने'

अर्धेलीच्या काळातील शेती मिश्र होती. गव्हाच्या पट्ट्यांमधून मॅपलच्या झाडांवर चढविलेल्या द्राक्षवेली, कडेने ऑलिव्ह, गोठ्यातले शेणखत. १९६० नंतर ही रचना उखडून ट्रॅक्टरला सोयीचे सलग द्राक्षमळे लावले गेले. युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये २०९२ क्रमांकाच्या नियमनाद्वारे सेंद्रिय उत्पादनाची व्याख्या आणि प्रमाणन ठरविले, पुढच्या वर्षीच्या पर्यावरणीय अनुदानांनी त्याला बळ दिले. डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर रासायनिक शेतीची स्पर्धा करण्यापेक्षा सेंद्रिय उत्पादन आणि पाहुणे यांची जोड अधिक परवडणारी होती. त्यामुळे काही ठिकाणी जुनी मिश्र शेती परत आली. मात्र तेव्हा ती अल्प साधनांतून आली होती, आता ती निवडीतून आणि प्रमाणपत्रासह आली.

सियेनाच्या नैर्ऋत्येला असलेली स्पान्नोक्या ही मालमत्ता याचे बोलके उदाहरण आहे. तेथे सेंद्रिय शेतीबरोबर 'चिंता सेनेझे' ही काळ्या अंगावर पांढरा पट्टा असलेली देशी डुकरे पाळली जातात आणि पूर्वीच्या पोदेरेंची घरे स्वयंपाकघरासह पाहुण्यांना दिली जातात. हा पट्टेरी प्राणी सियेनाच्या नगरभवनात आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ च्या सुमारास रंगविलेल्या सुशासनाच्या भित्तिचित्रातही दिसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो नामशेष होण्याच्या बेतात होता. पाहुण्यांच्या पैशाने हा वंश, ऑलिव्हच्या जुन्या बागा आणि ढासळणारी छपरे वाचली, हे मान्य केले पाहिजे. शेतघर-पर्यटन नसते तर यातील बरेच काही नष्ट झाले असते. इटलीत आज अशा नोंदणीकृत शेतांची संख्या २५,००० हून अधिक असून टस्कनी त्यात अग्रभागी आहे.

पण काय वाचले याबरोबरच काय बदलले हेही पाहावे लागते. गोठ्याचा दिवाणखाना झाला, गव्हाण शोभेसाठी ठेवली गेली, खळ्याच्या शेजारी पोहण्याचा तलाव आला. फ्रान्सेस मेज यांच्या १९९६ मधील पुस्तकाने आणि २००३ मधील चित्रपटाने जुने घर दुरुस्त करण्याचा अनुभव जगभर पोचविला. त्या लाटेत घरांच्या किमती स्थानिक तरुणांच्या आवाक्याबाहेर गेल्या. या प्रदेशाविषयी परकीय वाचकांना जे ठाऊक आहे ते बरेचसे मालकांच्या किंवा खरेदीदारांच्या लेखणीतून आलेले आहे. ओर्चा खोऱ्यातील ला फोचे येथील मालकीण आयरिस ओरिगो यांची १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेली युद्धकालीन रोजनिशी सहृदय आणि विश्वसनीय आहे. तथापि, तिच्यातील कुळे आपल्याला मालकिणीच्या नजरेतूनच भेटतात.

कुळांच्या बाजूचा पुरावा वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. प्रत्येक कुटुंबाच्या नावे ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या, ज्यांत वर्षअखेरीस कुळाच्या नावे अनेकदा येणेच निघत असे, कुळसंघटनांची दफ्तरे, आणि मौखिक इतिहासाच्या ध्वनिफिती. सियेना जिल्ह्यातील बुओनकोन्वेन्तो येथे अर्धेली पद्धतीचे एक संग्रहालय आहे. कुळाच्या घरातील खोल्या आणि अवजारे त्यात जपून मांडली आहेत. प्रेक्षक तिकीट काढून मास्सायाचे स्वयंपाकघर पाहतात. त्याच परिसरातील खऱ्या घरांची स्वयंपाकघरे उन्हाळाभर पाहुण्यांच्या वापरात असतात आणि फाटकावर पूर्वीच्या पोदेरेचेच नाव असते.