मोपाच्या पाटीवरचे नाव

मोपाचा सडा लहानपणी पाहिला तो काजू, करवंदे आणि चरणारी गुरे असा. उन्हाळ्यात तिथला चिरा तापून पायांना चटके बसायचे. त्याच सड्यावर आज विमाने उतरतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याला मनोहर पर्रीकरांचे नाव देण्यात आले. विमानतळ हवा की नको यावर पेडणे महालात वर्षानुवर्षे वाद झाले, त्यात मी शिरत नाही. ती पाटी पाहिली की मला वेगळेच आठवते. २७ जानेवारी २०१९, मांडवीवरचा नवा पूल, आणि नाकात नळी घातलेले मुख्यमंत्री. तीन दिवसांनी तशाच अवस्थेत त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला ते गेले. स्वादुपिंडाचा कर्करोग होता.

आजारी माणसाने असे लोकांपुढे यावे का, यावर तेव्हा उलटसुलट खूप बोलले गेले. पण आमच्याकडे या रोगाचे नावच घेत नसत. 'तो मोठा आजार' म्हणत, तेही आवाज खाली आणून. ती नळी टीव्हीवर दिसल्यानंतर आमच्या ओळखीच्या घरांतून 'कॅन्सर' हा शब्द ओसरीवर बसून, साध्या आवाजात बोलला जाऊ लागला. एवढे मी स्वतः पाहिले आहे.

१९७०च्या दशकातली गोष्ट सांगतो. आमच्या नात्यातल्या एका मावशीच्या गालाच्या आत जखम झाली होती, ती काही केल्या भरत नव्हती. मावशी पानात तंबाखू घालून खायची आणि रात्री विडा गालात ठेवूनच झोपायची. रोगाचे नाव कळले त्या दिवशी घरात तिचे ताट-तांब्या वेगळा झाला. तिला कुणी काही सांगितले नाही. तिनेही विचारले नाही. तिला ठाऊक असावे असे मला आज वाटते.

विचारणारा माणूस मात्र आपल्यातच होऊन गेला होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८), गोमंतक मराठा समाजातले. खानोली हे वेंगुर्ले तालुक्यातले गाव, तेरेखोलची नदी ओलांडली की आमच्यापासून फार दूर नाही. लंडन विद्यापीठाची एम.डी. घेऊन ते मुंबईला आले, विकृतिशास्त्र शिकवू लागले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल इस्पितळ उघडले. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या, त्या दुःखातून उभे राहिलेले हे इस्पितळ. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा खानोलकरांकडे आली.

देशभरातले रुग्ण तिथे येत. खानोलकर गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि शिवाय हा माणूस नेसतो काय, खातो काय, ओढतो काय, हेही पाहत. १९४५ साली बी. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला लेख चालीरीती आणि कर्करोग यांच्या नात्यावरच आहे. धोतर वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळून त्वचा घासली जाते आणि नेमका तिथेच कर्करोग होतो, हे त्यात आहे. पुढे १९५५ साली संघवी आणि राव यांच्यासह त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचे मूळ काजळीत शोधले होते, तीच ही वाट. मावशीच्या विड्याबद्दल जे सांगायला हवे होते ते तिच्या आजाराच्या कितीतरी आधी छापून आले होते, फक्त आमच्या ओसरीपर्यंत पोचले नव्हते.

१९५२ साली खानोलकरांच्याच पुढाकाराने मुंबईत कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. पुण्याच्या कमल रणदिवे त्यांच्या विद्यार्थिनी. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे काम करून त्या परतल्या आणि इथे पेशी काचपात्रात वाढवण्याची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. अशा पेशींवरून रोगाचा स्वभाव कळतो. आपल्या शरीरातली पेशी गरजेपुरती विभागते, जुनी झाली की मरते. तिच्या जनुकांत एकामागून एक बिघाड साचत गेले की ती थांबायचे विसरते. मग गाठ होते, गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेते, आणि तिच्यातल्या काही पेशी रक्तातून वा लसिकेतून दुसरीकडे जाऊन बिऱ्हाड करतात. हा त्या माणसाच्याच पेशींचा बिघाड. उष्ट्या ताटातून, शेजारी झोपल्याने तो दुसऱ्याला होत नाही. स्वादुपिंड तर जठराच्या मागे दडलेले, त्यामुळे तिथली गाठ बहुधा उशिराच कळते.

मावशीची शुश्रूषा माझ्या आजीने केली. शाळेत न गेलेली बाई. दोन-अडीच तासांनी ती मावशीची कूस बदलायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून परिचारिकांना आज हेच शिकवतात. पेज गाळून, पाठीला उशी लावून बसते करून चमच्याने पाजायची. आडवे ठेवून पाजले तर घास श्वासनलिकेत जातो, नळीतून भरवतानाही डोके वर ठेवतात ते याचसाठी. तोंड मिठाच्या कोमट पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची. जखमेला वास येई, त्यावर तिच्याकडे कडुलिंबाच्या पाण्यापलीकडे काही नव्हते. आता नर्स मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर टाकते आणि वास उतरतो. त्या वासापायी माणसे खोलीत यायची थांबतात, म्हणून हे औषध मला फार मोठे वाटते. ताट मात्र आजीनेही वेगळेच ठेवले होते.

आणि वेदना. सिसली सॉन्डर्स ही मूळची नर्स, मग समाजसेविका, शेवटी डॉक्टर झालेली बाई. तिने १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले आणि दुखू लागण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी तोंडावाटे मॉर्फिन द्यायची रीत रुळवली. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, डॉ. एल. जे. डिसोझा यांनी वांद्र्याला सुरू केले ते १९८६ साली. त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कायदा झाला होता आणि इस्पितळांना मॉर्फिन मिळवणे महाकठीण होऊन बसले. तो कायदा सैल झाला २०१४ साली. शांती आवेदनाची एक शाखा आपल्या गोव्यातही आली, लोटलीला. पेडण्याहून तिथे जायचे तर मांडवी आणि जुवारी दोन्ही ओलांडाव्या लागतात.

मावशीच्या वेळी यातले काहीच नव्हते. ती रात्री कण्हू लागली की आजी चिमणी पेटवून उठायची, तिच्या कपाळावर हात ठेवून बसायची, आणि पहाटे गुरांच्या कामाला जायची.