पदवीच्या वाटेवरचे खेडे : मेक्सिको, १९३६

(१/८) ऑगस्ट १९३६. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील वैद्यकीय विद्यार्थी राजधानी सोडून खेड्यांकडे निघाले. अभ्यासक्रम पूर्ण झाला होता, पदवी मात्र हाती आली नव्हती. त्याआधी काही महिने गावात राहून आरोग्यसेवा करणे आता बंधनकारक होते.

(२/८) या योजनेचे प्रवर्तक होते वैद्यकीय विद्यालयाचे संचालक डॉ. गुस्तावो बाझ. विद्यार्थिदशेतच ते शिक्षण सोडून शेतकरी क्रांतिकारक एमिलियानो झापाटा यांच्या सैन्यात सामील झाले होते आणि अवघ्या विशीत एका प्रांताचे गव्हर्नर झाले होते. पुढे त्यांनी अपुरे शिक्षण पूर्ण केले.

(३/८) क्रांतीने शेतकऱ्याला जमिनीचे वचन दिले. पण डॉक्टर शहरांतच एकवटलेले राहिले. देवी आणि हिवतापाने ग्रस्त असलेल्या असंख्य गावांनी पदवीधर डॉक्टर पाहिलाच नव्हता.

(४/८) योजनेला राजकीय पदरही होता. १९३३ मध्ये विद्यापीठाला पूर्ण स्वायत्तता मिळाली, पण सरकारशी संबंध ताणले गेले. विद्यापीठ मूठभर सुस्थितांचे आहे, हा आक्षेप जोर धरत होता. राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांच्या काळात या सेवेने दोघांना जोडणारा दुवा पुरवला.

(५/८) विद्यार्थ्याचे काम औषध देण्यापुरते नव्हते. लसीकरण आणि स्वच्छतेचा प्रसार यांबरोबरच पाणी, घरे, आहार, जन्ममृत्यू यांची पाहणी करून त्याला अहवाल लिहावा लागे. अनेक गावांच्या आरोग्यस्थितीची ही पहिलीच पद्धतशीर नोंद ठरली.

(६/८) १९४५ च्या कायद्याने ही सेवा इतर व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनाही लागू झाली. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ती आजही सुरू आहे.

(७/८) तिची उणीवही तितकीच जुनी आहे. विद्यार्थी येतो, गाव ओळखू लागतो, तोच मुदत संपते. नव्याला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. अपुरी साधने आणि एकटेपणा यांचा भार सर्वांत अननुभवी डॉक्टरावर पडतो. कायमस्वरूपी डॉक्टराची गरज तात्पुरत्या डॉक्टरावर भागवली जाते.

(८/८) महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांच्या बंधपत्रित सेवेवरून होणारा वाद याच प्रश्नाभोवती फिरतो. जनतेच्या पैशावर घेतलेल्या शिक्षणाचे ऋण फेडायला हवे, हे मेक्सिकोने १९३६ मध्येच मान्य केले. मात्र विद्यार्थ्याने ऋण फेडले म्हणून शासनाचे ऋण फिटत नाही.