वक्ररेषेवरील बिंदू-मांडणी आणि अहमदनगरचा भुईकोट किल्ला : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
वक्ररेषेवर ठराविक नियमाने बिंदू मांडण्याचे काम आता संगणक आपोआप करतो. ऑटोकॅडमधील ‘डिव्हाइड’ ही आज्ञा रेषेचे दिलेल्या संख्येइतके समान भाग करते. ‘मेझर’ ही आज्ञा दिलेल्या अंतरावर बिंदू ठेवत जाते व उरलेला तुकडा शेवटी सोडते. २००७ मध्ये आलेल्या ग्रासहॉपर या प्रणालीत तर संख्या बदलताच संपूर्ण मांडणी नव्याने तयार होते. तटबंदीच्या अभ्यासात या सोयीचा उपयोग कोणत्या मर्यादेत करावा, याचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

तट, बुरूज आणि अंतर :
अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) मातीच्या कोटाला हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीत (१५५३-१५६५) दगडी तटबंदीचे रूप प्राप्त झाले. स्थूलमानाने वर्तुळाकार असलेल्या या तटाचा घेर सुमारे १.७ किलोमीटर आहे. तटाबाहेर आलेल्या दोन बुरुजांवरून मधल्या भिंतीच्या पायथ्याशी मारा करता येतो. त्यामुळे बुरुजांमधील अंतर हा शोभेचा नव्हे, तर संरक्षणाचा प्रश्न होता.

बुरुजांची संख्या मात्र काही लेखनात २२, तर काही ठिकाणी २४ अशी आढळते. समान विभाजन केल्यास लगतच्या बुरुजांमधील अंतर पहिल्या संख्येनुसार सुमारे ७७ मीटर, तर दुसरीनुसार सुमारे ७१ मीटर येते. आरंभबिंदू तोच ठेवला तरी जवळजवळ प्रत्येक बुरुजाची जागा सरकते. दोन्ही नकाशे सारखेच सुबक दिसतात. पण दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

१५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले आणि चांदबिबीने ते रात्रीतून बुजवून घेतले, असे फिरिश्ता नमूद करतो. अशा डागडुजीच्या खुणा समान विभाजनाच्या नियमात बसत नाहीत; इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्याच मोलाच्या असतात.

निष्कर्ष :
स्वयंचलित मांडणी हे गृहीतक आहे, पुरावा नव्हे. प्रथम प्रत्येक बुरुजाची प्रत्यक्ष मोजणी करावी आणि त्यानंतर समान विभाजनाचा नकाशा तिच्याशी ताडून पाहावा. दोहोंत जेथे तफावत दिसेल, तेथूनच संशोधनाला प्रारंभ होतो. ही तफावत ‘दुरुस्त’ करून नकाशा सुबक करणे म्हणजे दगडात टिकलेला पुरावा कागदावर पुसून टाकणे होय. विद्यार्थ्यांना आरेखन शिकविताना हा विवेकही शिकविणे अगत्याचे आहे.