पखालीला औषध

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली. पण पखाल बघितलेले आपल्यात किती असतील? पखाल म्हणजे पाणी वाहायची कातड्याची भली मोठी पिशवी. ती रेड्याच्या नाहीतर बैलाच्या पाठीवर टाकायची आणि पाणी घरोघर पोचवायचं. म्हणीत चेष्टा आहे खरी, पण औषध पखालीलाही लागायचंच. कातडं सुकलं की तडकतं, शिवण उसवली की पाणी वाटेतच संपतं.

मंडळी, पाण्याचा इतिहास म्हटलं की आपल्याला धरणं, कालवे, बारवा आठवतात. फिरत्या पाण्याचा इतिहास कोणी लिहीत बसत नाही. पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण सोडलं की डाळज लागतं. शेजारी उजनीचं अथांग बॅकवॉटर. हे धरण १९८० साली पूर्ण झालं. तरी ह्याच इंदापूर तालुक्यात दुष्काळी वर्षांत टँकर फिरलेत.

आता हा टँकर आतून कसा असतो? चांगल्या टाकीत भोकं असलेल्या पत्र्याच्या आडव्या भिंती असतात. त्या नसतील तर ब्रेक दाबला की अर्ध्या टाकीतलं पाणी धाडकन पुढे आदळतं, गाडी हलते आणि जोडावरचं वेल्डिंग उकलायला लागतं. मग तिथेच गंज धरतो. बाहेरून ठिगळ मारलं की गळती थांबते, आतला गंज आणि तळाचा गाळ मात्र तसाच! वरून टीसीएल पावडर टाकली तरी बराचसा क्लोरीन तो गाळच खाऊन टाकतो. म्हणून आधी टाकी रिकामी करा, घासा, धुवा, मग पावडर. क्रम चुकला की मेहनत वाया.

ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१६ चं. मांजरा धरण आटलं, लातूर तहानलं. उजनीचं पाणी आणा ही तिथली जुनी मागणी, पण पाइपलाइन काही एका उन्हाळ्यात होत नाही. शेवटी ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. एरवी तेल वाहणाऱ्या ह्या वाघिणी आधी राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुतल्या होत्या. फोटो छापून आले ते गाडीचे. पण वाघिणी धुणाऱ्यांनी हयगय केली असती तर ते पाणी प्यायच्या लायकीचं राहिलं असतं का?

रेड्याचा रोग वेगळाच आहे, हे कबूल. आटलेलं धरण, खोल गेलेली बोअर, पाणी कुठे किती वापरायचं ह्याचा न लागलेला हिशोब. त्यावर इलाज करायला वर्षं लागतील, आणि तो करायलाच हवा. पण तोवर ज्याच्या दारात टँकर येतो त्याचं आजचं पाणी पखालीतूनच येणार. म्हण तेवढी अर्धवट आहे. औषध दोघांनाही द्यायला हवं.