ऊब येईपर्यंत मृत म्हणू नका

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. १९,६०० फुटांवर दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याकडच्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते, चौकीचे नर्सिंग असिस्टंट. सहाव्या दिवशी फक्त लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. डॉक्टरांनी त्यांना कोमट सलाइन आणि गरम, दमट प्राणवायू दिला. ११ फेब्रुवारीला दिल्लीत तेही गेले.

गारठलेल्या देहात धुगधुगी शोधायच्या या उपचाराचं मूळ हिमशिखरांवर नाही, कालव्यांच्या काठी आहे. १७६७ साली ॲमस्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी संस्था निघाली. अंगाला ऊब द्या, तोंडाला तोंड लावून श्वास भरा, असं ती लोकांना शिकवी. तंबाखूचा धूर गुदद्वारातून सोडण्याचाही उपाय होता. तो पुढे मागे पडला, ऊब आणि श्वास टिकले.

मग थंडीकडे बघायची दृष्टीच पालटली. टोरंटोच्या विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की देह थंड केला तर त्याची प्राणवायूची भूक उतरते आणि रक्ताभिसरण थोडा वेळ थांबलेलं सोसतं. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनिआपोलिसला जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीला थंड करून तिच्या हृदयातलं छिद्र शिवलं. जी थंडी मारते तीच मेंदूला राखतेही, हे या विद्येचं मर्म मला सर्वांत मोलाचं वाटतं.

त्याची कसोटी मे १९९९ मध्ये नॉर्वेत लागली. ॲना बोगनहोल्म ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना ओढ्याच्या बर्फाखाली ८० मिनिटं अडकली. हृदय थांबलेलं, तापमान १३.७ अंश. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात तिचं रक्त बाहेरच्या यंत्रातून तापवून परत अंगात सोडलं. ती वाचली, आणि पुढे त्याच रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट झाली.

आपल्याकडे नर्मदेकाठच्या धरमपुरीसारख्या गावी मात्र थंडीचं हे संरक्षण मिळत नाही. तिथलं पाणी तेवढं गार नसतं. श्वास थांबला की मेंदू काही मिनिटांत दगावू लागतो. बुडालेल्याला मिठात पुरून ठेवण्याचे प्रकार आपल्याकडे अजून घडतात, त्यात हीच मिनिटं जातात. घाटावर कुणाला बाहेर काढलंत आणि श्वास नसेल, तर आधी तोंडाने श्वास द्या, लगेच छाती दाबायला लागा, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.